दुसऱ्याच्या हातची गच्ची: एका गळक्या स्लॅबच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दुमजली राहत्या घराचं आहे. वर सपाट आरसीसी स्लॅबची गच्ची, १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, भोवती मीटरभर उंचीचा विटांचा कठडा. एका कोपऱ्यात पावसाळी पाइप, कठड्याला लागून जिन्याची खोली, आणि मधल्या भागात लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी. घराला तेव्हा १६ वर्षं झाली होती. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील काढून टाकले आहेत. मोजमापं आणि कामाचा क्रम जसा होता तसाच ठेवला आहे.

मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. मला बोलावणं आलं त्याच्या दोन वर्षं आधी या गच्चीवर दुसऱ्या एका ठेकेदाराने डांबरी मेम्ब्रेन (पाणी अडवणारी जाड चादर) टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने, चिकटवून वर चंदेरी रंग मारला होता. पहिल्या पावसाळ्यात कुठेच गळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तीन ठिकाणी पाणी आलं: झोपायच्या खोलीतल्या दिव्याच्या पॉइंटमधून, जिन्याच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात आणि मागच्या अडगळीच्या खोलीच्या छताला. ठेकेदार दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी भेगांवर सीलंटच्या पट्ट्या ओढल्या. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला नाही.

घरमालकीणबाईंनी एक गोष्ट फार चांगली केली. त्यांनी पाऊस संपल्यावर, पुढच्या पावसाला अकरा आठवडे असताना मला बोलावलं. बहुतेक लोक भर पावसात बोलावतात, आणि ओल्या गच्चीवर ताडपत्री टाकण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नसतं.

अडचण

बाईंचं पहिलं वाक्य होतं, "दादा, एकच लीकेज आहे, ते एकदा सापडलं की झालं." ही समजूत जवळजवळ प्रत्येक घरात असते. छताला डाग दिसतो तिथे वर भोक असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण मेम्ब्रेनच्या खाली कोबा, म्हणजे उतारासाठी घातलेला सिमेंटचा थर असतो, कोब्याखाली स्लॅब, आणि स्लॅबच्या पोटातून विजेच्या वायरिंगचे पाइप गेलेले असतात. वरून शिरलेलं पाणी कोब्यात पसरतं, स्लॅबची बारीक चीर किंवा वायरिंगचा पाइप सापडेपर्यंत आडवं चालतं, आणि मग कुठेतरी खाली उतरतं. दिव्याच्या पॉइंटमधून टपकणारं पाणी चार-पाच मीटर लांबून आलेलं असू शकतं. म्हणून पहिल्याच भेटीत त्या दिव्याचं सर्किट मेन बोर्डावरून बंद करायला लावलं. गच्चीचं काम महिन्याने झालं तरी चालेल, ओल्या पॉइंटमध्ये वीज एक दिवसही नको.

दुसरी अडचण कागदाची होती. बाईंकडे १० वर्षांच्या वॉरंटीचं पत्र होतं. नीट वाचल्यावर कळलं की १० वर्षं मालाची आहेत, कामाची हमी एकच वर्ष. शिवाय दुसऱ्या कुणी मेम्ब्रेनला हात लावला तर सगळंच रद्द. म्हणजे मी तपासणीसाठी एक तुकडा कापला असता, तर बाईंच्या हातातला तो कागदही गेला असता. हा या प्रकरणातला पहिला निर्णय. मी छिन्नी बाहेर काढायच्या आधी बाईंना पहिल्या ठेकेदाराला लेखी पत्र पाठवायला सांगितलं: काय गळतंय, कुठे गळतंय, अमुक तारखेपर्यंत येऊन संयुक्त पाहणी करावी, नाहीतर दुसऱ्याकडून दुरुस्ती सुरू होईल. मुदत १५ दिवसांची. बाईंच्या मुलाला हा वेळेचा अपव्यय वाटला. त्याला पत्रात "फसवणूक" हा शब्द हवा होता. तो मी घालू दिला नाही. तोवर आम्ही फक्त ओल पाहिली होती. तिचं कारण शोधायचं बाकी होतं.

तपासणी

त्या १५ दिवसांत मेम्ब्रेन न कापता जेवढं करता येतं तेवढं केलं.

डोळ्यांनीच पुष्कळ कळलं. गच्चीच्या मध्यभागी धुळीची वर्तुळं होती, एकात एक, वाळलेल्या डबक्यासारखी. दोरी ताणून खाली पट्टी धरली, तर सगळ्यात खोल जागी २८ मिलिमीटरचा खळगा. लेव्हल पाइप लावला तेव्हा पावसाळी पाइपचं तोंड आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा १२ मिलिमीटर वर निघालं. जुन्या थरावर नवीन थर चढवताना पाइपभोवती सगळं जाड झालं होतं, आणि मेम्ब्रेन पाइपच्या आत वळवण्याऐवजी कडेला दोन सेंटिमीटर अलीकडे कापून सीलंटने भरली होती. पाण्याने पाइपकडे जायचं तर आधी डबकं व्हायला हवं, आणि डबकं झालं की ते नेमकं त्या सीलंटच्या कडेवर उभं राहणार.

मेम्ब्रेनचे जोड, म्हणजे एक पट्टा दुसऱ्यावर चढतो तो भाग, तपासायला माझ्याकडे पुट्टी भरायची पातळ पट्टी असते. जोडाच्या कडेला ती हलकेच दाबायची. चांगल्या जोडाच्या कडेला वितळलेल्या डांबराचा बारीक ओघळ बाहेर आलेला असतो, आणि पट्टी तिथे अडते. इथे ओघळ कुठेच नव्हता. पट्टी लोण्यात जावी तशी आत गेली, आणि कितीतरी जागी थेट पलीकडच्या टोकाला, ६० मिलिमीटरवर जाऊन थांबली. लांब कडेचे जोड निदान १०० मिलिमीटर रुंद हवेत, टोकाचे १५०.

मग पाणी भरून पाहिलं. यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम, आधीची ओल टपकायची पूर्ण थांबलेली असली पाहिजे. नाहीतर कोब्यात मुरलेलं जुनं पाणी पडतं आणि आपण ते आजच्या चाचणीच्या खात्यावर मांडतो. टपकणं थांबून कित्येक आठवडे झाले होते, म्हणून चाचणीला अर्थ होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वाळूच्या पोत्यांचे बांध घालून गच्चीचे चार भाग केले. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. २४ चौरस मीटरच्या एका भागात ४० मिलिमीटर पाणी भरलं की जवळजवळ एक टन वजन होतं. म्हणून आधी खालून छत ठोकून पाहिलं. अडगळीच्या खोलीत गिलावा पोकळ वाजला, थोडा पडला, आत सळया गंजलेल्या दिसल्या. त्या भागात पाणी उभं केलं नाही, ओली गोणपाटं पसरली आणि त्यांवर तासातासाने पाणी मारत राहिलो.

चारही भागांचं उत्तर वेगळं आलं.

पाइपच्या भागात पाइपला बूच मारून पाणी भरलं, आणि पाच तासांत दिव्याच्या पॉइंटमधून थेंब आला. दुसऱ्या भागात ४८ तास काहीच नाही. जिन्याकडच्या भागातही २४ तास पाणी उभं राहिलं आणि खाली भिंत कोरडी ठणठणीत. मी तिथेच थांबणार होतो. माझ्या मिस्त्रीने कठड्याच्या माथ्याकडे बोट केलं. माथ्यावरच्या गिलाव्यात लांबलचक भेगा होत्या. जमिनीवरचं पाणी काढून टाकलं आणि पाइपने फक्त कठड्यावर पाणी मारलं. पन्नास मिनिटांत जिन्याच्या भिंतीवर ओल उमटली. पाणी मेम्ब्रेनच्या वरच्या कडेच्याही वरून, गिलाव्याच्या भेगेतून भिंतीत शिरून मेम्ब्रेनच्या मागे उतरत होतं. त्या गळतीपुरता मेम्ब्रेनचा दोष नव्हताच. चौथ्या भागात दुसऱ्या दिवशी अडगळीच्या छताला हळूहळू ओल आली; तिथे टाकीच्या स्टँडचे बोल्ट मेम्ब्रेनमधून आरपार स्लॅबमध्ये ठोकलेले होते.

पहिले ठेकेदार आले

पंधराव्या दिवशी सकाळी ते एका कामगाराला घेऊन आले. मी त्यांना गच्चीवर नेलं, आकडे दाखवले आणि त्यांच्याच समोर मेम्ब्रेनला आलेला एक फुगा कापला. फुगा तळहाताएवढा होता. चौकोन कापून मेम्ब्रेन उलटी केली तेव्हा खाली पाण्याचे थेंब चमकत होते. तिच्या पाठीवर करड्या सिमेंटच्या धुळीचा थर होता, प्रायमरचा, म्हणजे मेम्ब्रेन चिकटावी म्हणून आधी मारायच्या लेपाचा, काळा डाग कुठेच नाही. आणि पाठीवरची पातळ प्लास्टिकची फिल्म जशीच्या तशी शाबूत होती. टॉर्चची ज्योत लागली की ती फिल्म सगळ्यात आधी वितळून नाहीशी होते. ती शिल्लक आहे याचा अर्थ तिथे मेम्ब्रेन चिकटवलीच गेली नव्हती, नुसती अंथरली होती. त्यांच्या कामगाराने ती फिल्म नखाने सोलून पाहिली आणि मान खाली घातली.

ठेकेदार थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाऊस पडून तिसऱ्या दिवशी काम सुरू करायला लावलं होतं मला. जुना थर काढायचं मी म्हटलं होतं, घरच्यांनी नको म्हटलं." बाईंनी हे नाकारलं नाही. घरात लग्न होतं, घाई होती.

यामुळे ठेकेदाराची चूक धुऊन निघत नाही. ओल्या कोब्यावर टॉर्च मारणार नाही, हे सांगून काम सोडणं त्यांच्या हातात होतं. फिल्म न वितळण्याचा तर घाईशी संबंध नाही, ती सरळ हलगर्जी आहे. पण ते ऐकून घेतल्यामुळे बोलणं भांडणावर गेलं नाही. शेवटी असं ठरलं की जुनी मेम्ब्रेन काढायला ते आपली दोन माणसं देतील, राडारोडा उचलून नेतील, आणि दोन्ही बाजू जुनी वॉरंटी संपल्याचं लिहून देतील. बाईंना पैसे परत हवे होते, ते मिळाले नाहीत. तरी कोर्टकचेरीत पुढचा पावसाळा घालवण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनीच ठरवलं.

पर्याय

चार पर्याय समोर होते.

पहिला, फक्त तीन जागा दुरुस्त करायच्या: पाइपचं तोंड, कठड्याचा माथा, टाकीचे बोल्ट. स्वस्त, झटपट. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझाही कल इकडेच होता.

दुसरा, आहे त्या मेम्ब्रेनवर द्रवरूप लेप मारायचा. आधीच्या एका माणसाने बाईंना हेच सुचवलं होतं. वरचा लेप कितीही उत्तम असला तरी त्याची पकड खालच्या थराच्या पकडीइतकीच. शिवाय ॲक्रिलिकचे लेप साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत, मऊ पडून सुटतात. आणि इथे तर २८ मिलिमीटरचं डबकं होतं.

तिसरा, सगळ्या गच्चीवर पत्र्याचं छप्पर. मुलाचा आग्रह याचा होता. छप्पर करायला हरकत नसते, पण त्याचे खांब पुन्हा स्लॅबमध्येच बोल्ट मारून उभे राहतात, वाऱ्याचा उचल त्यांच्यावर येतो, आणि तिरका पाऊस कठड्याच्या भेगांत शिरायचा तो शिरतोच. खालची ओल तशीच ठेवून वर झाकण घालणं मला पटलं नाही.

चौथा, मेम्ब्रेन पूर्ण काढायची, कोबा जिथे खराब आहे तिथे फोडून उतार नवा करायचा, आणि नव्या मेम्ब्रेनने सगळं बंद करायचं.

निवड कशावर करायची? मी १२ जागी मेम्ब्रेन दोन बाजूंनी कापून हाताने ओढली. ९ जागी ती कापडासारखी उचलली गेली. १२ पैकी ९ जागा पक्क्या निघाल्या असत्या, तर मी पहिला पर्यायच सुचवला असता आणि जोडांवर पट्ट्या मारून काम भागवलं असतं. चौथा पर्याय महाग म्हणून आपोआप चांगला ठरत नाही. इथे तो या ९ तुकड्यांमुळे ठरला.

उताराचा प्रश्न

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते उताराने. पाइप एका कोपऱ्यात, समोरचा कोपरा तिरका मोजला तर १४ मीटरच्या वर. १:८० चा उतार द्यायचा, म्हणजे ८० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर, तर दूरच्या कोपऱ्यात कोबा १८ सेंटिमीटर चढतो. एवढा कोबा घातला तर जिन्याच्या दाराचा उंबरा गाडला जाईल; तो आधीच गच्चीपेक्षा जेमतेम ४० मिलिमीटर वर होता. आणि वजन? सिमेंटचा ५ सेंटिमीटर कोबा एका चौरस मीटरला १०० किलोच्या वर जातो. १६ वर्षांच्या, एका जागी सळया गंजलेल्या स्लॅबवर हे ओझं मी स्वतःच्या अंदाजाने टाकणार नव्हतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: नवीन कोबा घालण्याआधी त्या जागेचा जुना काढायचा, आणि एकूण सरासरी जाडी पूर्वीपेक्षा वाढू द्यायची नाही.

तोडगा दुसऱ्या पाइपचा निघाला. समोरच्या कोपऱ्यात कठड्याला आडवं भोक पाडून नवीन निचरा दिला, म्हणजे स्लॅबची सळई कापावी लागली नाही. पाण्याचा सगळ्यात लांबचा प्रवास पावणेनऊ मीटरच्या आत आला आणि चढ ११ सेंटिमीटरवर. शिवाय एका पाइपची जाळी पानांनी भरली, तरी पाणी दुसऱ्याने जाईल.

उंबरा मात्र उचलावाच लागणार होता. तयार पृष्ठभागापासून मेम्ब्रेन १५० मिलिमीटर वर चढली पाहिजे, आणि दार त्याला अपवाद नाही. बाई म्हणाल्या, "माझे गुडघे बघा आधी, मग उंबरा उचला." रास्त बोलणं होतं. दाराच्या आतल्या बाजूला आणि बाहेर अर्धी पायरी करून दिली, भिंतीला धरायला दांडा लावला. हा अर्धा दिवसाचा जादा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. तो मी धरायला हवा होता.

काम

जुनी मेम्ब्रेन पाच दिवसांत निघाली. खालचा कोबा मधल्या खळग्यात आणि पाइपभोवती ठिसूळ, ओला. जिन्याच्या बाजूचा कडक, उतारही बऱ्यापैकी बरोबर. ९६ पैकी ५५ चौरस मीटर फोडला, बाकीचा ठेवला. हा ठेवण्याचा निर्णय माझा होता. त्याबद्दल पुढे लिहितो.

नवीन कोब्यावर ७ दिवस पाणी मारलं, मग दोन आठवड्यांच्या वर वाळू दिला. रात्री बांबूच्या चौकटीवर ताडपत्री, दिवसा उघडा. कोरडेपणा पाहायला ४५ सेंटिमीटरचे पारदर्शक प्लास्टिकचे चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवले. १६ तासांनंतर आतून वाफ धरलेली दिसली नाही, खालचा कोबा काळपट झाला नाही, तेव्हा प्रायमर घेतला.

त्याआधी स्लॅब आणि कठडा मिळतात त्या काटकोनात ५० मिलिमीटरचा वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी सिमेंटची भर, मारला. काटकोनात मेम्ब्रेन वाकवली की तिथे खाली पोकळी राहते आणि एखाद्या उन्हाळ्यात ती तिथेच फाटते. पहिल्या कामात वाटा नव्हता. कोपऱ्यांत, दोन्ही पाइपच्या तोंडांशी आणि उंबऱ्याला आधी एक जादा पट्टी, मग मुख्य थर. ४ मिलिमीटरची, वर बारीक खडीचा थर असलेली मेम्ब्रेन घेतली, म्हणजे उन्हापासून वाचवायला वेगळा रंग नको. सुरुवात सगळ्यात खालच्या बाजूने, पाइपकडून, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर चढतो आणि पाणी जोडाच्या तोंडात शिरत नाही. प्रत्येक जोडाच्या कडेला डांबराचा ओघळ दिसल्याशिवाय मिस्त्री पुढे सरकत नव्हता. खडीवर जोड येतो तिथे आधी गरम करून खडी डांबरात दाबून घ्यावी लागते. हे टाळलं की जोड वरून चिकटलेला दिसतो आणि आतून सुटा राहतो.

पाइपची तोंडं या वेळी आजूबाजूपेक्षा २० मिलिमीटर खाली घेतली आणि मेम्ब्रेन आत वळवली. कठड्यावर २५ मिलिमीटर खोल खाच कापून मेम्ब्रेनची वरची कड त्यात खोचली, ॲल्युमिनियमची पट्टी मारली, वर सीलंट. कठड्याच्या माथ्याचा गिलावा काढून नवा केला, उतार गच्चीच्या आत. टाकीच्या स्टँडचे बोल्ट काढले. स्टँड आता मेम्ब्रेनवर जाड रबर ठेवून त्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभा आहे. इंजिनिअरकडून टाकीचं वजन आणि ठोकळ्यांची जागा तपासून घेतली.

टॉर्चचं काम रोज दुपारी चारला बंद. त्यानंतर तासभर एक माणूस अग्निशामक सिलिंडर घेऊन गच्चीवर बसत असे. जिन्याच्या दाराची चौकट लाकडी होती, आणि धुमसणं लगेच दिसत नाही.

मग दोन्ही पाइपना बूच मारून, अडगळीचा भाग पुन्हा वगळून, ४८ तास पाणी. खाली कोरडं. अडगळीच्या छताची दुरुस्ती त्यानंतर केली: सुटा गिलावा पाडणं, सळयांचा गंज ब्रशने काढणं, गंजरोधक लेप आणि पॉलिमरचा मसाला. वरचं पाणी बंद व्हायच्या आधी हे करायचं नसतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, ओल चालू राहिली तर तो नवा मसालाही ढकलून पाडतो.

निकाल

काम संपून चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला, आवाज घाबरलेला. दिव्याच्या पॉइंटमधून पुन्हा थेंब पडला होता. पाऊस नाही, वर पाणी नाही. मी लगेच गेलो. वायरिंगच्या पाइपच्या वाकात साचलेलं, कामाआधीच्या पहिल्या चाचणीच्या वेळचं जुनं पाणी उतरलं होतं. हे मी कामाआधी सांगायला हवं होतं. न सांगितल्यामुळे त्यांची एक रात्र वाईट गेली. पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला ओल मोजून भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहिला. तो उतरत गेला. त्यानंतरच इलेक्ट्रिशियनने वायर बदलून सर्किट चालू केलं.

खरी चूक कामानंतर तिसऱ्या आठवड्यात दिसली. जिन्याच्या बाजूला, जुना कोबा ठेवला होता तिथेच, भर दुपारी मेम्ब्रेन फुगली. सकाळी सपाट, दुपारी फुगा. प्लास्टिकच्या चौकोनाने कोबा वरून कोरडा दाखवला होता, पण सात-आठ सेंटिमीटर खाली स्लॅबला लागून तो ओलाच होता. ऊन तापलं की ते पाणी वाफ होऊन वर दाबतं. फुगा कापला, सुकवला, पट्टी मारली, आणि त्या भागात वाफ बाहेर जाण्यासाठी टोपीचे दोन उभे पाइप बसवले. खर्च माझा.

त्यानंतरचे दोन पावसाळे गेले. तिन्ही जागा कोरड्या आहेत. मध्यभागी पाऊस थांबल्यावर काही तासांत पाणी निघून जातं. फुगा परत आलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जो कोबा ठेवायचा तो वरून कोरडा आहे एवढ्यावर थांबायला नको होतं. चार जागी स्लॅबपर्यंत ड्रिल मारून बाहेर येणारा भुगा हातात घेतला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं. कोरड्या कोब्याचा भुगा उडतो, ओल्याचा ड्रिलला चिकटतो. ही दहा मिनिटांची तपासणी मी आता प्रत्येक जुन्या कोब्यावर करतो.

कठड्याची चाचणी मिस्त्रीच्या सांगण्यावरून झाली. माझ्या यादीत ती नव्हती. ती राहिली असती तर मी नवी मेम्ब्रेन घालून गेलो असतो, जिन्याची भिंत पुन्हा ओली झाली असती, आणि पुढच्या माणसाने माझ्या कामाबद्दल हेच लिहिलं असतं. आता क्रम ठरलेला आहे: आधी सपाट भाग, मग कठड्याची उभी बाजू, मग माथा, प्रत्येक वेळी वेगळं पाणी आणि मध्ये पुरेसा वेळ.

पहिल्या ठेकेदारांना आणखी लवकर, पहिल्याच आठवड्यात भेटायला हवं होतं. ओल्या कोब्यावर काम झालं ही माहिती त्यांच्याकडे होती. ती आधी मिळाली असती तर जिन्याकडच्या कोब्यावर मी एवढा विश्वास टाकला नसता.

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करेन. काम संपल्यावर गच्चीचा नकाशा काढून जिन्याच्या दारामागे प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवला: जोड कुठून गेलेत, वाफेचे पाइप कुठे, दोन्ही निचरे, आणि कुठेही ड्रिल मारायचं नाही ही सूचना माझ्या फोन नंबरासह. गेल्या वर्षी सोलर हीटर बसवायला आलेल्या पोराने तो वाचला. हातात ड्रिल घेऊन त्याने मला फोन केला आणि विचारलं, "साहेब, मग स्टँड उभा कशावर करू?" मी त्याला टाकीखालचे ठोकळे बघून यायला सांगितलं.